व्यक्तिमत्त्वाला दहा गुण

१५ फेब्रुवारी २०२२, मंगळवार

आज मला दहापैकी नऊ गुण मिळाले, तेही व्यक्तिमत्त्वाला. बावीस वर्षांत मनकर्णा केरबा शिंगाडे या नावापुढे हा शब्द कुणी लावला नव्हता. लावला तो थेट नऊ गुणांसकट.

बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाचे सराव पाठ आजपासून गारखेड्याच्या शाळेत सुरू झाले. शाळा आमच्याच संस्थेची. आपण सातवीच्या वर्गावर शिकवायचं आणि आमच्या प्राध्यापक गाढे मॅडम मागच्या बाकावर निरीक्षण तक्ता घेऊन बसणार. तक्त्यात पाच रकाने असतात. विषयज्ञान, प्रस्तावना, प्रश्न विचारणं, फळा आणि शेवटी व्यक्तिमत्त्व. प्रत्येकाला दहा गुण. पहिले चार मला कळतात. पाचव्यात नेमकं काय बघतात, हे मी गेल्या वर्षी ऑनलाइन तासाला विचारलं होतं. मॅडम म्हणाल्या होत्या, "ते बघितलं की कळतं."

आज त्यांनी बघितलं आणि शेरा लिहिला, 'प्रसन्न व्यक्तिमत्त्व. बोलके डोळे.'

डोळे बोलणारच, तोंड मास्कमध्ये होतं. पहिलं वर्ष मोबाइलवर गेलं. मी कॅमेरा कधी सुरू केला नाही. फर्दापूरकडच्या मुलीने नेट नाही म्हटलं की सगळ्यांना पटतं. मग कॉलेज उघडलं ते मास्कसकट. मॅडमनी माझा वरचा ओठ पाहिलेलाच नाही. तो जन्मतः फाटलेला होता, लहानपणी शिवला. टाक्यांची रेघ नाकापर्यंत जाते आणि डावी नाकपुडी जरा बसकी आहे. बोलण्यात फरक नाही, खाण्यात नाही. फरक पडतो तो बघणाऱ्यात.

खोलीवर येऊन राजश्रीला तक्ता दाखवला. राजश्री जैवळ आणि मी मुकुंदवाडीत एका खोलीत राहतो, एकाच वर्गात आहोत. माझा ओठ रोज बघणारी इथली ती एकटीच. ती स्वतः इतकी देखणी आहे की रिक्षा थांबली तर रिक्षावाला पत्ता तिलाच विचारतो, पैसे मी दिले तरी. मास्क सक्तीचा असला तरी शिकवताना तिचा हनुवटीवरच असतो, तिला कुणी टोकत नाही. तिला आज दहापैकी दहा. शेरा मात्र काहीच नाही. तिला शेऱ्याची गरजच काय म्हणा.

१७ फेब्रुवारी

प्राचार्य तुपे सरांनी आज आम्हा सगळ्यांना बसवून सांगितलं की जूनपासून शाळेला भूगोलाचा शिक्षक हवा आहे. बाहेर शोधण्यापेक्षा आपल्यातलाच घेऊ. "भूगोलवाल्या तुम्ही दोघीच. एप्रिलच्या वार्षिक पाठात जिला जास्त गुण, तिची जागा."

सगळ्या वर्गाने मान वळवून राजश्रीकडे पाहिलं. मीही पाहिलं, खोटं कशाला बोलू.

पण जागा मला हवी आहे. आमची मेंढरं. अर्धं वर्ष बाप वाड्यासोबत, म्हणजे मेंढरांच्या फिरत्या तळासोबत, रानोमाळ, माय त्याच्यामागे, आणि मी वसतिगृहात. चौथीत असताना तपासणीला साहेब येणार म्हणून गुरुजींनी मला पहिल्या रांगेतून उठवून मागे बसवलं होतं. वर्गात पहिला नंबर माझा होता. साहेबांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मागून मीच दिलं, आणि साहेबांनी पहिल्या रांगेतल्या मुलाला शाबासकी दिली. त्या दिवशी ठरवलं की वर्गात सगळ्यांच्या पुढे उभं राहायची एकच जागा आहे, फळ्यापाशी, आणि तिथून कुणी उठवत नाही.

३ मार्च, गुरुवार

तिसरा पाठ, पुन्हा नऊ.

वर्ग आता ओळखीचा झाला आहे. पहिल्या बाकावर लाल रिबिनींची एक मुलगी बसते. काय टापटीप, काय गोड हसते. तिला प्रश्न विचारला की माझाच पाठ चांगला होतो. मागे सरू नावाची एक आहे. तेल न लावलेले केस, तोंड अर्धं उघडं. हात सारखा वर करते, पण चेहऱ्यावरून वाटत नाही काही येत असेल. वेळ जायला नको म्हणून तिला विचारत नाही.

आज राजश्री फारच विचित्र वागली. तिला नेहमीप्रमाणे दहा. घरी येऊन मला म्हणाली, "मनके, मव्हं टिपण वाचून सांग ना, प्रस्तावना चुकली का?"

"दहा मिळालेत की."

"मॅडमनी टिपण उघडलंच नाय. आल्या, बसल्या, माह्याकडं बघून हसल्या अन् आकडे टाकले. एक शेरा नाय अजून मव्ह्या तक्त्यावर."

मी म्हटलं, माझे शेरे तू घे आणि तुझे दहा गुण मला दे. तिने तक्ता घडी करून पिशवीत ठेवला. देखण्या माणसांची दुःखंही देखणी असतात. मी भाकरी थापायला घेतल्या.

१ एप्रिल, शुक्रवार

उद्या पाडवा. उद्यापासून मास्क सक्तीचा नाही. वर्गात पोरींनी टाळ्या वाजवल्या, एकीने मास्क काढून पंख्यावर फेकला. मीही टाळ्या वाजवल्या. मास्क मात्र काढला नाही.

हे कुणाला सांगायची सोय नाही म्हणून इथे लिहिते. लोक मेले, कामधंदे बसले, दोन वर्षं वाईट गेली. माझी चांगली गेली. या दोन वर्षांत कुणी माझ्याशी बोलताना माझ्या ओठाशी बोललं नाही.

मायला फोन केला. मायचं, म्हणजे कस्तुराबाईंचं, उत्तर तयार होतं. "तू लावीतच जाय. कोन मना करतंय? मव्ह्या हातानं झालं ते, तुला काहून भोग?"

हे तिचं जुनंच पालुपद. नव्व्याण्णव सालच्या ग्रहणाला मी तिच्या पोटात होते. त्या सांजेला एका कोकराच्या पायात लोकरीचा गुंता अडकला होता आणि ते ओरडत होतं. मायने कातर घेतली आणि गुंता कापला. गरोदर बाईने ग्रहणात काही कापू नये, चिरू नये. मी जन्मले तेव्हा आजीने माझं तोंड पाहिलं आणि सगळ्या वाड्यासमोर मायला विचारलं, "कातर धरली व्हती का?" माय व्हय म्हणाली. आजी मरेपर्यंत दर ग्रहणाला ती तारीख घेऊन शिव्या द्यायची, अकरा ऑगस्ट, अकरा ऑगस्ट. माझी स्वतःची जन्मतारीख मला नंतर कळली, आधी ही पाठ झाली.

मी मायला म्हटलं, असं काही नसतं. ती म्हणाली, बरं. ती नेहमी बरं म्हणते.

५ एप्रिल, मंगळवार

काल मास्क लावून गेले. सबंध शाळेत मी एकटीच. आजही लावून गेले. पाठ सुरू करून पाच वाक्यं झाली नाहीत तोच मागून सरू उभी राहिली.

"मॅडम, तुमाला अजून कोरोना हाय का?"

वर्ग हसला. मलाही हसू आलं, पण ते कुणाला दिसलं नाही. तेव्हा डोक्यात काय झालं सांगता येत नाही. मी मास्क काढला आणि टेबलावर ठेवला. म्हटलं, "नाही. हा माझा ओठ. लहानपणी शिवलाय. बघून घ्या, मग नकाशा उघडा."

त्यांनी बघून घेतलं. खरोखर बघून घेतलं, मान वाकडी करून. एकाने विचारलं दुखतं का, मी नाही म्हटलं. मग नकाशे उघडले. मला वाटलं होतं आभाळ कोसळेल. पोरांना आभाळाशी काही देणं नव्हतं, त्यांना नाथसागर कुठे आहे ते दाखवायचं होतं.

पाठ संपल्यावर तक्ता हातात आला. व्यक्तिमत्त्व: पाच. शेरा: 'चेहऱ्यावर प्रसन्नता हवी. विद्यार्थ्यांचे लक्ष विचलित होते.'

मी म्हटलं, "मॅडम, मी आज पूर्ण तास हसत होते."

गाढे मॅडम वाईट नाहीत, हे मला आधी लिहून ठेवलं पाहिजे. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाल्या, "मास्क ऐच्छिक आहे बाळा, बंदी नाही. मी तुझ्या भल्यासाठी सांगतेय."

तक्त्याच्या तळाशी छापलेलंच असतं, 'सूचना मान्य', आणि खाली आमची सही. मी सही केली. घरी येऊन आरशात हसून पाहिलं. ओठ एका बाजूला जरा ओढला जातो, पण ते हसूच आहे. दुसरं काय असणार?

८ एप्रिल, शुक्रवार

एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये, हे मी पोरांना शिकवते. म्हणून परवा मास्क लावून पाठ घेतला. व्यक्तिमत्त्व नऊ. आज मास्क काढून घेतला. पाच. टिपणाची धाटणी तीच, साडी तीच, वर्ग तोच. गाढे मॅडमही त्याच.

नावडतीचं मीठ अळणी हे ऐकून होते. पण आवडती आणि नावडती एकच बाई असू शकते, मध्ये फक्त वीतभर कापड, हे नव्यानेच कळलं. रडू आलं नाही. राग आला, आणि तो इतका स्वच्छ होता की बरं वाटलं.

दोन्ही तक्ते राजश्रीपुढे टाकले. तिने दोन्ही शेवटपर्यंत वाचले. मग म्हणाली, "उद्या मी लावून बघते."

"तू कशाला?"

"बघू तर दे."

९ एप्रिल, शनिवार

राजश्रीने खरंच मास्क लावून पाठ घेतला. डोळ्यांवर केस ओढले, ओढणी कानावरून घेतली. तिला व्यक्तिमत्त्वाला आठ मिळाले. आणि पहिल्यांदाच शेरा: 'प्रस्तावना लांबली. प्रश्न एकाच बाजूच्या मुलांना विचारले. फळ्यावरील नकाशा उत्तम.'

दोन गुण गेले आणि ही पोरगी खूश. रिक्षात तक्ता चारदा काढून वाचला. "नकाशा उत्तम म्हनल्या," मला म्हणाली, "म्हंजी बघितला त्यांनी." त्या नकाशासाठी ती आठवडाभर रात्रीचं जेवण गार करून बसायची हे खरं, पण म्हणून दोन गुण जाऊन आनंद? मी समजावलं की वार्षिक पाठाला हा वेडेपणा करू नको. मग मनात आलं, केला तर माझाच फायदा आहे. तरी समजावलं.

११ एप्रिल, सोमवार

आज मी गाढे मॅडमच्या खोलीत गेले. माझे तक्ते त्यांच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. हात दाखवून अवलक्षण होईल, असं राजश्री म्हणाली होती, तरी ठेवले.

मॅडमनी चष्मा काढला. वाटलं, चिडतील. त्या म्हणाल्या, "दार लाव."

मी दार लावलं.

"माझा वार्षिक पाठ होता तेव्हा परीक्षकांनी मला वर्गाबाहेर काढलं होतं. काळ्या रंगावर ही गडद साडी चालत नाही, बदलून या म्हणाले. मी मैत्रिणीची फिकट साडी नेसून आले आणि पाठ घेतला. मला पहिला वर्ग मिळाला. भांडले असते तर आज या खुर्चीत बसले नसते. लोक आधी बघतात मनकर्णा, मग ऐकतात. मी ते बदलू शकत नाही. मी तुला त्यातून पार करू शकते. बाहेरचे परीक्षक येणार आहेत, मास्क लाव, नऊ घे, जागा घे. मग जूनमध्ये काढ."

मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही, आणि त्याचाच राग आला. मी म्हटलं, "मॅडम, तुम्हाला साडी तरी बदलता आली."

त्यांनी चष्मा परत चढवला. मी तक्ते गोळा केले.

खोलीवर येऊन खूप विचार केला. त्या म्हणतात ते शहाणपणाचं आहे. एक तास, वीतभर कापड, आणि आयुष्यभराची जागा. शिवाय मास्क काही खोटं बोलत नाही, मी आधी दोन वर्षं तेच केलं. पण तेव्हा सगळ्यांनी लावला होता. आता एकटीने लावायचा म्हणजे मागच्या रांगेत स्वतःहून जाऊन बसायचं. गुरुजींना उठवायचाही त्रास नको.

१८ एप्रिल, सोमवार

उद्याच्या पाठाचा विषय चिठ्ठी टाकून ठरतो. राजश्रीला भरती-ओहोटी आली. मला ग्रहण.

मी चिठ्ठी बघून हसले तर तुपे सर म्हणाले, "का, अवघड आहे?" मी म्हटलं, "नाही सर, घरचाच विषय आहे."

राजश्री म्हणते तीही उद्या मास्क लावणार. मी तिला शपथ घातली की नाही लावायचा. दुसऱ्याने स्वतःचे गुण घालवून मला जागा द्यावी, ही मेहरबानी मला नको. हरवायचंच तर तिला तिच्या पुऱ्या तोंडासकट हरवीन.

१९ एप्रिल, मंगळवार, दुपारी

मास्क घरीच ठेवला. पिशवीत असता तर हात गेला असता.

बाहेरून आलेले परीक्षक आप्पासाहेब म्हणून एक वयस्कर गृहस्थ. गाढे मॅडमच्या शेजारी बसले. मला पाहिल्यावर त्यांनी तक्त्यात डोकं घातलं ते पाठ सुरू होईपर्यंत वर काढलं नाही. मॅडमनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या.

मी चेंडू आणि लिंबू घेऊन गेले होते, आणि विजेरी. सूर्यग्रहण दाखवायला पोरांना उठवून सूर्य केलं, पृथ्वी केलं. लाल रिबिनींची मुलगी चंद्र झाली आणि गोड हसत चुकीच्या जागी उभी राहिली. सरू मागून म्हणाली, "तितं न्हाय, तितं पौर्णिमा व्हईल." बरोबर होतं. मला वाटलं नव्हतं हिच्या डोक्यात इतकं असेल. तिलाच पुढे बोलावलं.

सगळं झाल्यावर शंका विचारा म्हटलं. सरू पुढेच उभी होती. तिने माझ्या ओठाकडे बघून, काही आडपडदा न ठेवता विचारलं, "मॅडम, पोटुशी बाईनं ग्रहनात कापलं की लेकराचा व्हट फाटतो म्हन्त्यात. खरंय का?"

पहिल्या बाकावरून कुणी तरी शूः केलं. मॅडमनी खिडकीतून मान वळवली. नाही, अंधश्रद्धा आहे, असं म्हणून तास संपवता आला असता. टिपणात तेच लिहिलं होतं. मी म्हटलं, "मोजून बघू."

फळ्यावर लिहिलं, ग्रहण ११ ऑगस्ट १९९९. खाली माझा जन्म, ९ डिसेंबर १९९९. ही तारीख खरी आहे, दवाखान्यातली, गुरुजींनी अंदाजाने टाकलेली एक जून नाही. पोरांना म्हटलं, नऊ महिने मागे जा. ते बोटांवर मागे गेले आणि मार्चला थांबले. म्हटलं, "पोटातल्या बाळाचा ओठ दुसऱ्या महिन्यात जुळतो. जुळायचा राहिला तर तेव्हाच राहतो. आता ऑगस्टला कितवा महिना?"

आणि खडू माझ्या हातात थांबला. ओठाचं मला अकरावीपासून माहीत होतं. ग्रहणाची तारीख त्याच्याही आधीपासून पाठ. पण या दोन गोष्टी मी कधी एकीखाली एक लिहून बघितल्या नव्हत्या. मीच म्हणायचे असं काही नसतं, आणि आत कुठे तरी आजीचं खरं मानून बसले होते.

सरूची बोटं माझ्याआधी पोचली. "पाच म्हयने झाले व्हते. मंग ग्रहनाच्या वक्ताला तुमचा व्हट पहिलाच तसा झाल्ता की."

"हो," मी म्हटलं. "झाला होता."

"मंग ज्यानी कापलं त्याचा काई गुन्हा न्हाय."

"नाही," मी म्हटलं. पोरांना वाटलं, पुढे काही सांगणार आहे. घंटा झाली तरी कुणी उठलं नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी

तक्ता मिळाला. पहिल्या चार रकान्यांत माझे अडतीस, राजश्रीचे पस्तीस. पाचव्यात माझे पाच, तिचे दहा. आप्पासाहेब म्हणे तो रकाना गाढे मॅडमवर सोपवून चहाला गेले, तुम्ही वर्षभर पाहिलंय म्हणाले. शेरा: 'विषयावर प्रभुत्व. वैयक्तिक बाबी वर्गात आणू नयेत. व्यक्तिमत्त्वाकडे लक्ष द्यावे.'

बेरीज करायला मला बोटं लागली नाहीत. दोन गुणांनी जागा राजश्रीची.

तुपे सरांसमोर मी म्हटलं, "सर, पाच गुण कशाचे कापले ते लिहून मिळालं तर सही करते."

सर म्हणाले, "असं लिहून देत नसतात. सही नसेल तर तक्ता विद्यापीठात जात नाही. तक्ता गेला नाही तर निकाल नाही. जागेचं सोड, वर्ष जाईल तुझं. सकाळपर्यंत विचार कर."

खरं लिहायचं तर मी सही करणार होते. वर्ष घालवण्याइतका माज मला परवडत नाही. बापाने याच शिक्षणासाठी दोन साल मेंढरं वाढवली नाहीत. मी मनाशी म्हटलं, सही म्हणजे काय, शाईच. पाचाला पाच म्हटलं म्हणून ओठ जास्त फाटत नाही.

मग मायला फोन लावला. मागे मेंढरांचा आवाज होता, वाडा बसवत होते. मी सहीचं सांगितलं नाही, आधी फळ्यावरचं सांगितलं. मार्च, दुसरा महिना, ऑगस्ट.

"पाचवा म्हयना?" तिने विचारलं.

"पाच महिने पुरे झालेले. तू कातर धरलीस तेव्हा माझा ओठ आधीच तसा होता. तू कोकराचा पाय सोडवलास, बाकी काही केलं नाहीस."

"नक्की?"

"सातवीच्या पोरीनं मोजलंय माय. परीक्षकापुढं."

फोन घेऊन ती लांब गेली, मेंढरांचा आवाज कमी झाला. मग म्हणाली, "म्या तवापसून कातर हातात धरली नाय. चोळीचा दोरा बी दातानं तोडते. तुव्ह्या बापाला वाटतं मला सवय हाय."

मला हे माहीत नव्हतं. एका घरात राहून माहीत नव्हतं. मी रडायला लागले तेव्हा तिने विचारलं आणखी काय झालं, आणि मी सहीचंही सांगून टाकलं, पाच गुणांचं, वर्ष जाण्याचं, सगळं. शेवटी म्हटलं, "करून टाकते सही. काय फरक पडतो?"

"तुव्ही आजी म्हनली तुव्ह्यामुळं झालं, अन् म्या व्हय म्हनले," माय म्हणाली. "साऱ्या वाड्यापुढं म्हनले. मला बी वाटलं, म्हनलं तर काय फरक पडतो. बावीस वर्सं पडला, बाई. तू व्हय म्हनू नको."

"वर्ष जाईल माय."

"जाऊं दे. एकच जाईल."

२० एप्रिल, बुधवार

हे प्राचार्यांच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून लिहिते आहे.

सकाळी आत गेले. 'सूचना मान्य' यातलं 'मान्य' खोडलं, वर 'अमान्य' लिहिलं आणि खाली सही केली. काल सरांना सही हवी होती, म्हटलं, ही घ्या सही. शेजारी लिहिलं, 'पाच गुण कशाचे कापले ते लिहून द्यावे.' तुपे सरांनी तक्ता उचलला, चष्म्याच्या वरून वाचला आणि गाढे मॅडमना बोलावून घेतलं. म्हणाले, "मॅडम, आता हा असाच पाठवता येत नाही. कारण लिहा, म्हणजे प्रकरण मिटेल."

मॅडमनी पेन उघडलं. तक्त्यावर टेकवलं. उचललं. मग मला विचारलं, माझ्याकडे न बघता, "काय लिहू?"

मी म्हटलं, "जे दिसलं ते लिहा."

त्यांनी पेनाचं टोपण लावून ठेवलं. मला त्या फिकट साडीची आठवण झाली, पण मी मागे हटले नाही. सर म्हणाले, बाहेर बस, आम्ही बघतो. तेव्हापासून इथे बसले आहे.

मध्येच राजश्री आली, हातात तिचा तक्ता. मला वाटलं अभिनंदन करून घ्यायला आली. मी करणारही होते, तयारी केली होती. तिने तक्ता माझ्यापुढे धरला. तिने आपलं 'मान्य' खोडलं होतं.

"डोकं फिरलं का तुव्हं?" मी म्हटलं. "जागा तुला मिळाली."

"मला दहा काहून दिले ते बी लिहून पायजे," ती म्हणाली. "तोंडावर मास्क नसला की दर पाठाला दहा, अन् एक अक्षर नाय. शिकवायला कसं येतं मला, ते मला अजून कोनीच सांगितलं नाय, मनके. एकदा सांगितलं, ते बी तोंड झाकलं तवा."

ती तशीच आत गेली. दार लोटलेलं होतं, तुपे सरांचा आवाज बाहेर आला. "अगं, तुला तर पैकीच्या पैकी आहेत. तुझी काय तक्रार?" राजश्री काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. तिचा आवाज लहान आहे, हे पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं. इतके दिवस एका खोलीत राहून मीही तिला बहुतेक बघितलंच होतं, ऐकलं नव्हतं.

ती बाहेर येऊन माझ्या शेजारी बसली. डबा उघडला. जागा कुणाला मिळेल, हे मी तिला विचारलं नाही, तिनेही मला नाही. एरवी कॉलेजात मी भिंतीकडे तोंड करून जेवते, आज तसं न करता जेवले. आत दोन तक्ते आणि एक पेन आहे, आणि बराच वेळ झाला, अजून कुणी बाहेर आलेलं नाही.

शिपाई दोनदा येऊन गेला. आत्ता तिसऱ्यांदा आला, म्हणाला, "ताई, कॉलेज बंद व्हायची वेळ झाली. आनखी किती वेळ बसनार?"

राजश्रीने डब्याचं झाकण लावलं. म्हणाली, "त्यांना लिव्हायला जेवढा लागंल तेवढा."

मी सरकून तिला नीट बसायला जागा करून दिली.